आधी उंट बांधा, मग तवक्कुल : थोड्या पैशांत मोटारसायकलची राखण

शिरढोण म्हटले की बाहेरच्या माणसाला आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव आठवते, नाही तर कर्नाळ्याला जाताना लागणारे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. इथल्या घरांचा दिवस मात्र मोटारसायकलच्या आवाजाने सुरू होतो. कुणाला पहाटेच्या लोकलसाठी पनवेल स्टेशन गाठायचे असते, कुणाला पहिल्या पाळीला कारखान्यात हजर व्हायचे असते, कुणाला मासळी किंवा भाजी घेऊन बाजारात बसायचे असते. मुलांची शाळा, अम्मीचा दवाखाना, बहिणीचे सासर, सगळे त्याच दोन चाकांवर. मोठ्या गाडीवाल्याला मोटारसायकल ही हौस वाटत असेल. आपल्या घरांत ती कमावता मुलगाच आहे.

म्हणून ती चोरीला गेली की नुकसान गाडीच्या किमतीवर थांबत नाही. आमच्या परिचयातल्या एका घरात रंगकाम करणारा मुलगा जुम्याच्या नमाजसाठी एका मस्जिदीबाहेर गाडी लावून आत गेला. सलाम फेरून बाहेर आला, तर गाडी जागेवर नव्हती. गाडी हप्त्यांवर घेतलेली होती आणि चौदा हप्ते बाकी होते. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टीचा, त्यात चोरीचा एक पैसाही मिळत नाही. गाडी गेली, हप्ते राहिले. रंगाचे डबे आणि घोडी घेऊन रिक्षाने जाणे परवडेना, म्हणून लांबची कामे सुटली. सहा महिने त्या घराने जे सोसले, त्यातले निम्मे तरी पाचशे रुपयांच्या साखळीने वाचले असते, असे आम्हांला वाटते. साखळीने चोर नक्कीच थांबला असता असा आमचा दावा नाही. पण शेजारी बिनसाखळीच्या वीस गाड्या उभ्या असताना त्याने याच गाडीवर वेळ का घालवला असता?

अशा वेळी आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "नसीब में था, अल्लाह मालिक है." अल्लाह मालिक आहेच. पण जामे तिरमिझी या हदीसग्रंथात आलेली ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून भरवसा ठेवू, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग तवक्कुल करायला शिकवले. आजचा उंट दाराशी उभा आहे. तो कसा बांधायचा, कमीत कमी खर्चात कसा बांधायचा, एवढाच या लेखाचा विषय.

चोराला काय हवे असते

गाडीचोराला हवा असतो वेळ, तोही थोडासा. आजूबाजूला कुणाचे लक्ष जाण्याआधी निघून जाता आले पाहिजे, हा त्याचा हिशोब. न तुटणारे कुलूप बाजारात मिळत नाही. पण प्रत्येक कुलूप, प्रत्येक सवय त्याचा वेळ वाढवते, आवाज वाढवते आणि दुसरी सोपी गाडी शोधायला लावते. कमी पैशांतल्या राखणीचे सारे गणित एवढेच आहे.

चोरीच्या पद्धती साधारण चार. पहिली आणि सगळ्यांत सोपी म्हणजे चावी गाडीलाच राहिलेली असते. "दोन मिनिटांत दूध घेऊन येतो" म्हणताना ती राहते. दुसरी, जुन्या गाडीचा लॉक सेट झिजलेला असतो आणि त्यात कुठलीही तशीच चावी फिरते. तिसरी, हँडलला जोराचा झटका किंवा लाथ मारून हँडल लॉक तोडतात आणि चावीच्या स्विचच्या वायरी काढून गाडी सुरू करतात. चौथी, दोघे-तिघे मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकतात. पहिल्या तिन्ही पद्धती फार स्वस्तात अवघड करता येतात. चौथीसाठी गाडी जमिनीत रोवलेल्या एखाद्या पक्क्या वस्तूला बांधावी लागते.

आपल्या भागाची एक अडचण वेगळी आहे. शिरढोणहून पळस्पे फाटा जवळ. तिथून एक रस्ता पनवेल-मुंबईकडे, एक जुन्या महामार्गाने पुण्याकडे, एक उरणच्या बंदराकडे आणि मागे गोव्याकडे जातो. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे मोटारीची जशी टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते, तशी दुचाकीची होत नाही. गाडी एकदा हमरस्त्याला लागली की ती कुठल्या दिशेला गेली हे सांगणे कठीण. आपल्याला जे करायचे ते गाडी जागेवरून हलण्याआधीच करायला हवे.

एक रुपयाही न लागणारे उपाय

पहिला उपाय, चावी. गाडीवरून पाय खाली टेकला की चावी हातात. पानटपरी असो, दूध केंद्र असो की स्वतःच्या घराचे दार. ही सवय घरातल्या प्रत्येकाला हवी, विशेषतः "जरा चक्कर मारून येतो" म्हणणाऱ्या मुलांना. दुसरी चावी गाडीच्या टूलबॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवू नये, ती घरात कपाटात असावी. विम्याचा दावा करायची वेळ आली तर कंपनी दोन्ही चाव्या मागते, हेही लक्षात असू द्या.

दुसरा, हँडल लॉक. हँडल वळवून चावी फिरवली की काम झाले असे आपण समजतो. पण कधी कधी लॉकचा खिळा खाचेत नीट बसलेला नसतो. चावी काढल्यावर हँडल दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. शक्य असेल तर पुढचे चाक भिंतीकडे करून गाडी लावावी, म्हणजे चोराला आधी गाडी मागे ओढून वळवावी लागते.

तिसरा, पेट्रोल कॉक. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. रात्री किंवा जास्त वेळ गाडी लावताना तो बंद करावा. गाडी सुरू होईल, पण कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर थोडेसे अंतर जाऊन बंद पडेल. भररस्त्यात बंद पडलेल्या गाडीला किका मारत बसणे कुठल्याच चोराला परवडत नाही. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या असतात आणि त्यांना असा कॉक सहसा नसतो.

चौथा, जागा. उजेडात, लोकांच्या नजरेत, दुकानाच्या किंवा रखवालदाराच्या समोर गाडी लावावी. सीसीटीव्ही असेल तर त्याच्या टप्प्यात लावावी. स्टेशनाबाहेर रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी गाडी लावून आठ-दहा तास निघून जाणे म्हणजे चोराला वेळापत्रक देणे होय. पैसे देऊन ठेवायच्या वाहनतळाचा खर्च जड वाटतो, हे आम्हांला मान्य आहे. दिवसाला वीस रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे पाचशेवीस होतात. पण महिन्याचा पास मिळत असेल तर चौकशी जरूर करावी. आणि पावती जपून ठेवावी, दिवस संपण्याआधी फेकू नये.

पाचवा, कागद. मूळ आरसी गाडीत ठेवू नये. चोराच्या हाती गाडीबरोबर आरसीही लागली तर त्याला गाडी विकणे सोपे जाते. रस्त्यावरच्या तपासणीत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी चालते. मूळ कागद घरी, मोबाइलवर डिजिटल प्रत, हीच पद्धत बरी.

हजार रुपयांत काय काय येते

आता थोडा खर्च. पुढच्या किमती साधारण आहेत. गाव, दुकान आणि कंपनीप्रमाणे कमी-जास्त होतील.

गाडी जुनी असेल तर सगळ्यांत आधी लॉक सेट तपासा. दुसऱ्या एखाद्या गाडीची चावी आपल्या गाडीत फिरते का, ते पाहा. फिरत असेल, किंवा चालू गाडीतून चावी तशीच बाहेर निघत असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून लॉक सेट बदलून घ्या. साध्या गाडीला पाचशे ते हजार रुपये लागतील.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक घ्यावे. अडीचशे ते पाचशेपर्यंत मिळते आणि खिशात मावते. त्याचा खिळा डिस्कच्या भोकातून जातो, त्यामुळे चाक पूर्ण फिरत नाही. पण एक धोका आहे. लॉक काढायला विसरून गाडी पुढे घेतली तर गाडी आडवी पडते, माणसाला लागते आणि डिस्कही वाकते. म्हणून हँडलला लाल फीत किंवा लॉकबरोबर येणारी दोरी अडकवायची सवय ठेवावी.

आपल्याकडच्या शंभर-एकशेदहा सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेक असतो, तिथे डिस्क लॉक बसत नाही. त्यांच्यासाठी साखळी हाच उपाय. साखळी कडक पोलादाची, जाड कड्यांची आणि वर कापडाचे किंवा प्लास्टिकचे आवरण असलेली घ्यावी. सायकलला लावायची बारीक वायरची साखळी पकडीने कापली जाते, त्यात पैसे घालवू नयेत. तीनशे ते सातशेपर्यंत बरी साखळी मिळते.

साखळी कशी लावता यालाही महत्त्व आहे. ती मागच्या चाकातून आणि चिमट्यातून घ्यावी, आणि लांबी पुरत असेल तर खांबाला किंवा झाडालाही बांधावी. नुसत्या पुढच्या चाकाला लावलेली साखळी चाक खोलून सोडवता येते. दुसरे म्हणजे, साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळू देऊ नये. खाली फरशी किंवा दगड असला की हातोड्याचा घाव बरोबर बसतो. साखळी हवेत, घट्ट आणि कुलपाचे तोंड खालच्या बाजूला असावे.

घरात स्कूटर असेल, आणि आता आपल्या मुली-सुना स्कूटरने शाळेत, कामावर, क्लासला जातात, तर ग्रिप लॉक सोयीचे पडते. ते ब्रेकचा दांडा आणि हँडलची मूठ एकत्र आवळून धरते. लावायला वेळ लागत नाही आणि लांबून दिसते. लांबून दिसणे हाही फायदाच आहे. चोर लांबूनच पाहून ठरवतो.

लपवलेला स्विच हा आणखी एक जुना, स्वस्त उपाय. चांगला वायरमन दीड-दोनशे रुपयांत सीटखाली किंवा टाकीच्या आड एक छोटा स्विच बसवून देतो. तो बंद असला की चावी फिरवूनही गाडी सुरू होत नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांना हा ठीक आहे. पण वायर कच्ची जोडली तर पावसात गाडी चालता चालता बंद पडू शकते, आणि मागून ट्रक येत असलेल्या महामार्गावर ते चोरीपेक्षा वाईट. बीएस-६ गाडीत वायरी कापणे टाळावेच. वॉरंटीही जाते आणि बिघाडही होतो.

जीपीएस यंत्र साधारण दीड ते तीन हजारांत येते, शिवाय त्यातल्या सिमकार्डाचे रिचार्ज वेगळे. रोज स्टेशनवर गाडी ठेवणाऱ्याला किंवा डिलिव्हरीवर पोट असणाऱ्याला ते उपयोगी आहे. ज्याचे बजेट हजाराचे आहे त्याने आधी साखळी घ्यावी. जीपीएस गाडी कुठे गेली ते सांगते, तिला जाऊ न देण्याचे काम साखळीचे. आणि यंत्राने गाडी कुठल्या गोडाऊनमध्ये दाखवली तर तिथे एकट्याने जाऊ नये, पोलिसांना घेऊन जावे.

रात्र, पाऊस आणि घरचे अंगण

बाहेरची भीती सगळ्यांना असते, पण घरासमोरून जाणाऱ्या गाड्याही कमी नसतात. कारण घरासमोर आपण निर्धास्त असतो. ओट्याच्या काँक्रीटमध्ये किंवा भिंतीत फॅब्रिकेशनवाल्याकडून एक जाड लोखंडी कडी बसवून घ्या. दोन-तीनशेत काम होते. त्या कडीतून साखळी मागच्या चाकात घेतली की गाडी टेम्पोत उचलून नेणे अवघड होते. दोन गाड्या असतील तर त्या एकमेकींना बांधाव्यात.

गाडीवर साधे कव्हर घालावे. कव्हरखाली कुठली गाडी आहे, कसले कुलूप आहे, हे चालता चालता कळत नाही. कोकणच्या पावसात तर कव्हर हवेच. पावसाळ्यात दोन गोष्टी होतात. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात साखळी तोडल्याचा आवाज दबून जातो, आणि कुलपे गंजतात. कुलूप गंजले की चावी अडकते, चावी अडकली की आपण कुलूप लावायचे सोडून देतो. आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

एक काम घरातल्या बायाबापड्यांनी आपल्याकडे घ्यावे, असे आम्ही सुचवू. इशा झाल्यावर गॅसचा कॉक आणि दाराची कडी पाहण्याची जशी सवय असते, तशीच साखळी पाहण्याची सवय असावी. थकून आलेला माणूस विसरतो. "साखळी लावली का रे?" एवढा एक प्रश्न अम्मीने विचारला की काम झाले.

मस्जिदीबाहेर

नमाजची वेळ सगळ्या गावाला माहीत असते, चोरालाही. जुम्याला खुतबा सुरू झाल्यापासून सलाम फेरेपर्यंत, रमजानमध्ये तरावीहचा तासभर, ईदला ईदगाहवर, अशा वेळी शंभर गाड्या एका जागी आणि त्यांचे सगळे मालक आत असतात. लग्नाच्या हॉलबाहेर आणि कब्रस्तानाबाहेरही हेच.

इथे एकेकट्याच्या कुलपापेक्षा सगळ्यांची मिळून केलेली व्यवस्था स्वस्त आणि पक्की. मस्जिद कमिटीने गाड्यांसाठी एकच बाजू ठरवावी, तिला एकच वाट ठेवावी, बाकी दोरी बांधून बंद करावी. जुम्याला दोन तरुणांनी पाळी घ्यावी. जिथे जवळपास दुसऱ्या मस्जिदीत जमातीची वेळ वेगळी आहे, तिथे राखणीवाल्यांनी त्या जमातीत नमाज पढावी, म्हणजे कुणाचा जुमा चुकत नाही. नुसते मोबाइलवर बोलत उभे राहायचे नाही. गाडी बाहेर काढणाऱ्याला अदबीने विचारायचे, "चाचा, गाडी आपलीच ना?" ज्याची गाडी आहे त्याला या प्रश्नाचा राग येऊ नये, उलट दुआ द्यावी. दाराकडे तोंड केलेला एक सीसीटीव्ही लावायचा असेल तर तो फाटकावर लावावा, जिथून प्रत्येक गाडीचा नंबर दिसेल. छताच्या कोपऱ्यातून दिसणाऱ्या टोप्यांच्या गर्दीचा तपासाला उपयोग नाही.

आणि एक छोटी गोष्ट. जमात चुकेल म्हणून घाईघाईत चावी गाडीलाच ठेवून आत पळणारे बरेच असतात. त्या दहा सेकंदांनी रकअत चुकत नाही. उलट गाडीच्या काळजीत मन बाहेर असलेल्या नमाजपेक्षा कुलूप लावून शांत मनाने पढलेली नमाज बरी.

नंबरप्लेट, फोटो आणि विमा

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची आहे. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवणे बंधनकारक केले आहे. दुचाकीसाठी ४५० रुपये आणि वर जीएसटी असे शुल्क ठरले. बऱ्याच जणांना हा नुसता भुर्दंड वाटतो. पण तिचा उपयोग समजून घ्या. साधी प्लेट दोन स्क्रू काढले की बदलता येते. एचएसआरपीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने जोडलेली असते. काढायची तर तोडावी लागते. चोरीची गाडी दुसऱ्याच्या नंबरवर फिरवणे त्यामुळे अवघड होते. नोंदणी फक्त परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावी. या नावाने बनावट साइट निघाल्या आहेत आणि लोकांचे पैसे गेले आहेत.

आजच एक काम करा. गाडीचे चारही बाजूंनी फोटो, चेसिस नंबर, इंजिन नंबर, आरसी आणि विम्याची पॉलिसी यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. गाडीवरची ओरखड्याची, वेल्डिंगची खूणही टिपून ठेवा. जमल्यास दोन-तीन सुट्या भागांवर नंबर कोरून घ्या. चोरीच्या बऱ्याच गाड्या सुटे भाग करून विकल्या जातात, तिथे असे भाग अडचणीचे ठरतात. आरटीओच्या नोंदीत आपला चालू मोबाइल नंबर आहे का, तेही पाहा. चोरीच्या गाडीने कुठे सिग्नल मोडला तर ई-चलनाचा संदेश त्याच नंबरवर येतो, आणि तो तपासाचा धागा होऊ शकतो.

आता विमा. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टीचा. त्यातून आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून निघते. चोरीची भरपाई हवी तर सर्वसमावेशक किंवा स्वतःच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी लागते. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो. त्यामुळे "पाच वर्षांचा विमा आहे" म्हणून लोक बेफिकीर राहतात, आणि चोरीचे संरक्षण मात्र पहिल्या वर्षानंतर संपलेले असते. पॉलिसी काढून वाचा.

चोरीची भरपाई मिळते ती गाडीच्या विमा-मूल्याप्रमाणे. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घसारा धरतात. कंपनीची किंमत ८०,००० असलेली गाडी साडेतीन वर्षांची असेल तर विमा-मूल्य ४८,००० च्या आसपास येते. गाडीवर कर्ज असेल तर त्यातून आधी कर्ज देणाऱ्या कंपनीचे पैसे जातात.

व्यावसायिक विम्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, हे आपल्याला माहीत आहे. कायद्याची सक्ती असलेला विमा वेगळा, आपखुशीचा वेगळा, असे बरेच जण सांगतात. मलेशियासारख्या देशात तकाफुलसाठी १९८४ पासूनच कायदा आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून प्रत्येक घराने ठरवावे. ज्यांना मोठी पॉलिसी नको, त्यांनी निदान महिन्याला दोनशे रुपये गाडीच्या नावाने बाजूला टाकावेत. वर्षाला चोवीसशे आणि पाच वर्षांत बारा हजार होतात. गाडी सुखरूप राहिली तर टायर, बॅटरी, दुरुस्ती त्यातूनच निघते.

गेलीच तर

आधी दहा मिनिटे शांतपणे आजूबाजूला पाहा. वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेली आहे का, घरातल्या कुणी नेली आहे का, ते विचारा. नाही असे कळले की ११२ वर फोन करा आणि मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जवळच्या दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी दुकानदाराला ते जपून ठेवायची विनंती करा.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवायची असते. हीच शून्य एफआयआर. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. साध्या अर्जावर पोच घेऊन परत येऊ नका, विम्यासाठी एफआयआरच लागते. नोंदवून घेतली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी, टपालाने कळवता येते, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या कंपनीलाही कळवा. हप्ते मात्र परस्पर बंद करू नका, नाही तर दंडव्याज चढते. तपासात गाडी मिळाली नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल देतात, म्हणजे चोरी खरी, पण छडा लागला नाही. विम्याच्या दाव्यासाठी तो कागद लागतो. यात काही महिने जातात, म्हणून प्रत्येक कागदाची झेरॉक्स एका फाइलीत लावत जा.

स्वस्त गाडीचा मोह

एक गोष्ट शेवटी बोलायची ठेवली, कारण ती चोराबद्दल नसून आपल्याबद्दल आहे. गाड्या चोरीला जातात कारण त्या विकत घेणारे असतात. "कागद नंतर देतो, वीस हजारांची गाडी आठ हजारांत घेऊन जा" असे कुणी म्हणाला तर ती आठ हजारांची गाडी कुणाच्या तरी रंगकाम करणाऱ्या मुलाची असते. सुट्या भागांचेही तसेच. बिल नसलेला, निम्म्या किमतीतला इंजिनाचा भाग कुठून आला हे मेकॅनिकलाही कळते आणि आपल्यालाही.

जुनी गाडी घेताना आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून पडताळा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर परत फिरा. एमपरिवहनवर मालकाचे नाव, कर्ज आणि विमा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, तेही पाहता येते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन आरटीओत गाडी आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, त्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी हरामच्या गाडीवर बसून हलाल रोजी कमवायला जाणे ही गोष्ट आपल्या मुलांना आपण कुठल्या तोंडाने समजावणार?

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एवढेच करा. लॉक सेट तपासा, एक चांगली साखळी घ्या, ओट्यावर कडी बसवा, कागदांचे फोटो काढा. सगळे मिळून हजार-बाराशेत होते, आणि लॉक सेट बदलावा लागला तर हप्त्याहप्त्याने दोन महिन्यांत होते. येत्या जुम्याला मस्जिदीच्या कमिटीत गाड्यांच्या राखणीचा विषय काढा. त्यानंतरही काही झाले तर सब्र करायला मन तयार असते, कारण आपल्या हातात होते ते आपण केलेले असते.